आठवा सर्व्हर
(साकीनाका येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



साकीनाक्याहून खैरानी रोडने आत शिरलं की गाळ्यांमागून गाळे लागतात. माल बनवणाऱ्याला आज वेबसाइट लागते, आणि ती बनवून देणारी दोन-चार मुलांची ऑफिसंही याच भागात थाटलेली असतात. आजचं बोलणं या दोघांसाठी आहे. म्हणणं एवढंच, की चालती वेबसाइट बहुतेक वेळा बिघडते ती कोणीतरी तिला हात लावल्यावर. म्हणून प्रत्येक बदलाची नोंद हवी, आणि तो सर्व्हरवर चढवण्याचं काम कोणाच्या लक्षात राहण्यावर सोडू नये.

समजा, गाळा तयार कपड्यांचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. त्याआधी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरच्यावर १२ टक्के होते. आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यावर १८. प्रोग्रॅममध्ये बदलायचे आकडे दोनच. मुलगा सर्व्हरवरची फाइल थेट उघडतो, आकडे बदलतो, सेव्ह करतो. शेजारी ‘बिल_जुनं’, ‘बिल_फायनल’, ‘बिल_फायनल_२’ अशा फाइली पडलेल्या असतातच. काही महिन्यांनी सीए विचारतात, २० सप्टेंबरच्या पंधराशेच्या शर्टचं बिल आज पुन्हा काढलं तर ५ टक्के का दिसतात? तेव्हा ऑफिसातलं कोणीही छातीठोक उत्तर देऊ शकत नाही.

हेच काम गिटमध्ये, म्हणजे कोडातल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, केलं तर? जुन्या ओळी लाल, नव्या हिरव्या दिसतात. कोणी बदलल्या, कधी बदलल्या आणि का, हे सोबत लिहिलेलं असतं. हा झाला कमिट. तो वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे कोडाच्या बाजूला काढलेल्या फांदीवर होतो, दुसरा माणूस वाचतो, मगच मुख्य कोडात मर्ज होतो, म्हणजे मिसळला जातो. चूक निघाली तर ती खोडायची नाही, उलटा कमिट करायचा. वहीखात्यात चुकलेली रक्कम न खोडता उलटी नोंद टाकतात, तसंच.

गिट लिनस टोरवाल्ड्सनी एप्रिल २००५ मध्ये लिहायला घेतलं. त्यांच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या अशाच प्रोग्रॅमची फुकट वापराची सवलत निघून गेली होती. त्यांनी गिटची रचनाच अशी ठेवली, की काम करणाऱ्या प्रत्येकाच्या मशीनवर पूर्ण इतिहास असतो.

आता डिप्लॉय, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवणं. १ ऑगस्ट २०१२ ची गोष्ट. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने त्याआधीच नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायला घेतला होता. सातांवर चढला, आठवा राहून गेला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं वापरात नसलेला जुना कोड होता. बाजार उघडताच तो जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. गोंधळात लोकांनी सातही सर्व्हरवरचा चांगला, नवा कोडच काढून टाकला आणि आग आणखी भडकली. ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. नियामकांनी नंतर बोट ठेवलं ते इथे: कोड चढल्याची दुसऱ्या कोणी खातरजमा केली नव्हती, आणि तशी लेखी पद्धतही नव्हती.

हे काम आपोआप करणारी पाइपलाइन हवी ती यासाठी. कोड मर्ज झाला की यंत्र आधी टेस्ट चालवतं. आपल्या शर्टाच्या टेस्ट तीन: पंधराशेचा शर्ट, २१ सप्टेंबर, १२ टक्के, तोच शर्ट, २२ सप्टेंबर, ५ टक्के, तीन हजारांचा, २२ सप्टेंबर, १८ टक्के. एक जरी चुकली, तरी पुढे काही जात नाही. तिन्ही बरोबर आल्या, तर प्रत्येक सर्व्हरवर तोच कोड, त्याच क्रमाने चढतो. माणूस दमतो, त्याला फोन येतो, त्याची शेवटची लोकल असते. यंत्राला यातलं काही नाही.

हे परदेशातच चालतं असं नाही. विद्याविहारची फ्रॅपे कंपनी आपल्या ईआरपीनेक्स्ट या धंदा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा कोड गिटहब या वेबसाइटवर उघडा ठेवते. कोणीही जाऊन बदल वाचावेत. डेटाची रचना बदलायची असेल, तर त्याचा छोटा प्रोग्रॅम लिहून एका यादीत क्रमाने नोंदवतात. अपडेटच्या वेळी तो प्रत्येक साइटवर एकदाच चालतो आणि चालल्याची नोंद राहते. इथल्या मुलांनी नक्की वाचावी अशी ही यादी आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गिट कोड सांभाळतं, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी नाही. गिटलॅब या कंपनीचा धंदाच गिटचा. तिथे ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरकडून चालू डेटाबेसच उडाला. बॅकअपच्या पाच सोयी होत्या, पण ऐन वेळी एकही धड उपयोगी पडली नाही. काही तास आधी सहज काढून ठेवलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. तरी सुमारे सहा तासांचा डेटा गेला.

तेव्हा गाळेवाल्यांनो, कोड वाचता येत नसला तरी साइट बनवून देणाऱ्याला तीन प्रश्न जरूर विचारा. माझ्या साइटचा कोड कोणाच्या नावाच्या खात्यात आहे? आजचा बदल फसला तर कालची साइट किती मिनिटांत परत येईल? आणि बॅकअप शेवटचा कधी उघडून तपासला? तिन्हींपैकी एकाचं जरी उत्तर ‘बघून सांगतो’ असं आलं, तर पुढचे पैसे देण्याआधी तेवढं काम करून घ्या.