आयुष्य मागणारे नाव

श्रोतेहो, आपल्याकडे मुलाच्या नावाआधी 'चिरंजीव' लिहिण्याची पद्धत आहे. कोरियात हाच आशीर्वाद थेट नावातच घातलेला आढळतो. ते नाव आहे यंग-सू. यातल्या 'यंग'चा इंग्रजी 'यंग'शी काही संबंध नाही बरं का! चिनी अक्षरांत हे नाव लिहिताना पहिले अक्षर 'अखंड' या अर्थाचे आणि दुसरे 'दीर्घायुष्या'चे घेता येते.

दक्षिण कोरियात १९४८ साली जन्मलेल्या मुलग्यांमध्ये हेच नाव सर्वांत जास्त होते. १९५८ सालीही तेच पहिले. मधल्या काळात, १९५० ते १९५३, युद्धाने देश होरपळून निघाला होता. तान्ही मुले दगावणे नवलाचे नव्हते. मूल शंभर दिवसांचे झाले की घरी सोहळा व्हायचा. तो आजही होतो. अशा काळात आईबापांनी दुसरे काय मागावे?

अर्थात, प्रत्येक यंग-सूचा अर्थ हाच असतो असे नाही. 'सू' हा उच्चार असलेली अक्षरे बरीच आहेत. एकाचा अर्थ 'श्रेष्ठ' असाही होतो. कोरियाची स्वतःची 'हंगुल' लिपी फक्त उच्चार सांगते. म्हणून नावाचा अर्थ हवा असेल, तर 'अक्षरे कोणती?' असे विचारावे लागते.

आडनाव आधी, नाव नंतर : किम यंग-सू. पण हे नाव हाक मारायला सगळ्यांना मोकळे नाही. धाकटा भाऊ थोरल्याला 'ह्योंग' म्हणतो, बहीण 'ओप्पा'. कचेरीत आडनावापुढे हुद्दा लावतात. आईला मात्र शेजारणी 'यंग-सू ओम्मा', म्हणजे यंग-सूची आई, म्हणतात. अगदी आपल्या 'बंड्याची आई'सारखे. 'यंग-सूया!' अशी मोकळी हाक मारणार ते आईवडील, घरातले वडीलधारे आणि बरोबरीचे सवंगडी.

पुढे काळ बदलला. २००८ साली जन्मलेल्या मुलग्यांमध्ये मिन-जुन हे नाव पहिले आले. १९४८ सालचे यंग-सू आता पंच्याहत्तरी ओलांडलेले आजोबा आहेत. आईबापांनी मागितलेले आयुष्य त्यांना लाभले. पण जसजसे आयुष्य वाढते, तसतशी नावाने हाक मारणारी माणसे कमी होत जातात. म्हणून श्रोतेहो, अशा वयात एखादा बालमित्र भेटला आणि त्याने 'यंग-सूया!' अशी साद घातली, तर तो आशीर्वाद पुन्हा एकदा मिळाल्यासारखाच नाही का?