उतार तोच, कथा नवी

थीम पार्कमधील गाडी, बोगदा, उतार या साऱ्यांना एक कथा दिलेली असते, आणि अशी कथेत बसवलेली यंत्रसफर म्हणजे राईड. तिचे रूळ, पंप व पाण्याचा मार्ग कायम ठेवून वरची कथा बदलणे याला त्या व्यवसायात रीथीमिंग म्हणतात. हे काम किती अवघड ठरेल, हे राईडच्या जातीवर अवलंबून असते. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावर बेतलेली राईड उभी राहिली, ती सिम्युलेटर जातीची, म्हणजे पडद्यावरील दृश्याच्या तालावर आसने जागच्या जागी हलवणारी. अशा राईडमध्ये पडद्यावरचे चित्र आणि आसनांच्या हालचालींचा आराखडा बदलला की कथा बदलते. फ्लोरिडातील युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये १९९१ साली सुरू झालेली ‘बॅक टू द फ्युचर’ ही याच जातीची राईड २००७ मध्ये बंद झाली आणि पुढच्याच वर्षी त्याच इमारतीत ‘द सिम्पसन्स’ची राईड सुरू झाली.

जेथे प्रवासी खरोखरच उंचावरून खाली कोसळतो, तेथे मात्र प्रश्न बिकट होतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९८९ साली खुली झालेली ‘स्प्लॅश माउंटन’ ही ओंडक्याच्या आकाराच्या होडीतून पाण्यावरून जाणारी सफर होती व तिच्या शेवटी सुमारे ५० फुटांचा उतार होता. तिची कथा ‘साँग ऑफ द साउथ’ या १९४६ च्या चित्रपटातून घेतलेली, आणि आतील हलत्याबोलत्या यांत्रिक प्राण्यांपैकी बरेचसे १९८८ साली बंद झालेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या प्रयोगातून उचललेले होते. म्हणजे पुढे जिची कथा बदलल्याने चाहते हळहळले, ती राईडही जुन्या सामग्रीला नवी कथा देऊनच घडली होती.

मूळ चित्रपटात अमेरिकी दक्षिणेतील मळ्यांवरचे कृष्णवर्णीयांचे जीवन गोड करून दाखवले होते, त्यावर प्रदर्शनाच्या वेळीच टीका झाली, आणि अखेर २०२० मध्ये डिस्नेने ही राईड ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या २००९ च्या चित्रपटावर बेतण्याचे जाहीर केले. त्यातील तियाना ही डिस्नेची पहिली कृष्णवर्णीय राजकन्या. डिस्नेच्या फ्लोरिडातील उद्यानात, जिथे अशीच राईड होती, जून २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्नियात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नवी राईड सुरू झाली. हा निर्णय न्याय्यच होता. तरीही त्यात काय गमावले, हेही तितक्याच आस्थेने पाहिले पाहिजे. जुन्या कथेतील धूर्त ससा गुलामगिरीत जखडलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी तोंडी जपलेल्या गोष्टींतून आलेला होता. दोष होता तो त्या गोष्टींभोवती चित्रपटाने उभारलेल्या चौकटीचा. कोल्ह्याच्या तावडीत सापडलेला ससा ‘काहीही कर, पण काटेरी झुडपात टाकू नकोस’ अशी गयावया करतो, कोल्हा त्याला नेमका तिथेच फेकतो, आणि काट्यांतच वाढलेला ससा निसटतो. प्रवाशाचा कोसळण्याचा क्षण हाच सशाच्या सुटकेचा क्षण होता, त्यामुळे पोटात उठणारा गोळा आणि दुबळ्याने बळिष्ठावर केलेली मात या दोन गोष्टी एकाच वेळी अनुभवास येत. नव्या राईडमध्ये तियाना मेजवानीसाठी वादक शोधते, कोणी खलनायक नाही, जिवावरचे संकट नाही. संगीत आणि सजावट उत्तम असूनही तो उतार कथेला हवा होता, असे वाटत नाही.

दशावतार हे लोकनाट्य पाहत वाढलेल्या कोकणातील कट्टा-मालवण भागातील प्रेक्षकाला ही अडचण चटकन उमगेल. तेथे गणपती, सरस्वती, संकासुर यांचा पूर्वरंग म्हणजे आडदशावतार ठरलेला असतो, पुढचे आख्यान मात्र बदलत राहते. रंगमंचावरचे एकच बाकडे आज सिंहासन तर उद्या आणखी काही होऊ शकते, कारण नट उत्स्फूर्त संवादांतून त्याला त्या-त्या वेळी अर्थ देतो आणि प्रेक्षक तो मान्य करतो. राईडमध्ये असा नट नाही. पाण्याचा वेग, वळण आणि उताराची उंची आधीच ठरलेली असल्याने नवी कथा निवडतानाच तिच्यात कोसळण्याचे कारण आहे का, हे तपासावे लागते, आणि ते नसेल तर कितीही खर्च करून ते बाहेरून चिकटवता येत नाही. टोकियो डिस्नेलँडमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या ‘स्प्लॅश माउंटन’ची कथा अमेरिकेतील या बदलाबरोबर बदलली गेली नाही, त्यामुळे एकाच कल्पनेतून निघालेल्या उताराला दोन कथांनी काय अर्थ दिला, याची तुलना अभ्यासकांना प्रत्यक्ष प्रवास करून करता येण्याजोगी आहे.