परिचारिकेची मागणी आणि आपले मत

(पनवेल येथील बौद्ध कुटुंबांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांशी आजारपणाविषयी बोलणार आहे. परंतु औषधाच्या अंगाने नव्हे, मताच्या अंगाने. या दोन गोष्टींचा संबंध काय, असे आपणांस वाटेल. तो संबंध आपल्या घरांत पोहोचावा, एवढाच माझा हेतू आहे.

ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला खाजगी इस्पितळाचे दार उघडे आहे. ज्याच्यापाशी तो नाही त्याला सरकारी रुग्णालयावाचून गती नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले. निर्णय चांगला आहे. परंतु केसपेपर फुकट मिळाला म्हणून शुश्रूषा मिळाली असे होत नाही. रात्री दोन वाजता सलाईन कोणी बदलावयाचे? बाळंतिणीचा रक्तस्राव कोणाच्या ध्यानी यावयाचा? हे काम परिचारिकेचे. तिची जागा रिकामी असेल, तर निःशुल्क खाट ही केवळ खाटच होय.

म्हणूनच परिचारिकांच्या लढ्याकडे ‘त्यांच्या पगाराचा प्रश्न’ म्हणून पाहणे चुकीचे आहे. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील सरकारी परिचारिकांनी काम बंद केले. परिचारिकांची पदे बाह्ययंत्रणेमार्फत, म्हणजे सरळ शब्दांत ठेकेदारामार्फत, भरू नयेत, ही त्यांची प्रमुख मागणी होती. या मागणीत आपले काय आहे, ते नीट ध्यानात घ्या. सरकारी नोकरभरतीला आरक्षणाचा कायदा लागू असतो. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रात मिळण्यास १९९० साल उजाडावे लागले. इतक्या कष्टाने मिळालेला हा हक्क ठेकेदाराच्या हजेरीपटापाशी येऊन थांबतो. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्ययंत्रणेद्वारे नोकरभरती करण्याचा शासन निर्णय निघाला, राज्यभर विरोध झाला, आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तेव्हा ठेकेदारीचा वार दुहेरी आहे. आपल्या मुलीची नोकरी त्याने जाते, आणि आपल्या आईच्या उशाशी असणारी कायम, अनुभवी परिचारिकाही जाते.

संपाला मर्यादा असते. मताला मुदत असते. ही मुदत ओळखणे म्हणजेच संघटनेचे शहाणपण. आशा सेविकांनी १२ जानेवारी २०२४ रोजी पुन्हा संप सुरू केला. फेब्रुवारीत त्या मुंबईच्या आझाद मैदानावर येऊन बसल्या. मार्चमध्ये मंत्रिमंडळाने त्यांच्या मोबदल्यात दरमहा पाच हजार रुपयांची वाढ मंजूर केली, आणि १६ मार्च रोजी लोकसभा निवडणुकीची घोषणा झाली. या दोन तारखांमधील अंतर आपण स्वतःच मोजावे. परदेशातही हेच दिसते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात परिचारिकांच्या युनियनने वर्षानुवर्षे लोकमत तयार केले, आणि १९९९ साली किती रुग्णांमागे एक परिचारिका असावी याचा कायदा करवून घेतला. आज तेथील सामान्य कक्षात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावीच लागते. ती मागणी परिचारिकांनी रुग्णाच्या नावाने केली, म्हणून समाज तिच्यामागे उभा राहिला.

येथे एक अडचण आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये सरकारी कर्मचाऱ्यास निवडणुकीचा प्रचार करता येत नाही. परिचारिका संघटना करू शकते, आपले मत देऊ शकते; परंतु कोणाला मत द्या, हे सांगू शकत नाही. मग ते काम कोणाचे? ज्यांची ती शुश्रूषा करते त्यांचे. जे तिला बोलता येत नाही, ते आपण बोलले पाहिजे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना अस्पृश्यांच्या मताधिकाराचा आग्रह धरला, तो शोभेसाठी नव्हे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना या खर्चाचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने सोसला पाहिजे, असे त्यांनी बजावले होते. मत आणि आरोग्य ही दोन्ही त्यांच्या लेखी हक्काचीच अंगे होती. आणि तथागतांनी अतिसाराने ग्रासलेल्या, कोणी न पाहिलेल्या भिक्षूला आनंदासह स्वहस्ते धुतले, ही कथा आपण जाणता. त्यांनी तेथे नुसती दया केली नाही. संघाला परस्परांच्या शुश्रूषेचे कर्तव्य सांगितले. आजचे ते कर्तव्य राज्याने पार पाडावे, यासाठीच आपले मत आहे.

तर मग करावयाचे काय? प्रथम, कोणाला काय विचारावयाचे ते समजून घ्या. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी अस्तित्वात आली. वस्तीतील नागरी आरोग्य केंद्राचा जाब नगरसेवकाला विचारा. उपजिल्हा रुग्णालय राज्याचे आहे. तेथील रिकाम्या पदांचा जाब आमदाराला विचारा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या निधीचा मोठा वाटा केंद्रातून येतो. त्याचा जाब मावळच्या खासदाराला विचारा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करावा असे म्हटले होते, आणि त्यासाठी २०२० ची मुदत घातली होती. ती मुदत केव्हाच उलटली, हे प्रत्येक उमेदवाराला सांगा.

दुसरे, प्रत्येक उमेदवाराकडून तीन प्रश्नांची लेखी उत्तरे घ्या. रिकामी पदे कोणत्या मुदतीत भरणार? ती कायम भरणार की ठेक्याने? रात्रपाळीत एका परिचारिकेवर किती रुग्ण सोपविणार? ही सभा विहारात मात्र घेऊ नका. प्रार्थनास्थळी प्रचार आचारसंहितेत बसत नाही. समाजमंदिराचे पटांगण वा मैदान पुरेसे आहे.

तिसरे, मतदारयादीत घरातील प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषाचे नाव आहे की नाही, हे निवडणुकीआधीच पाहा. आपल्या घरात परिचारिका असेल, तर तिचेही मत वाया जाऊ देऊ नका. लोकसभा व विधानसभा निवडणुकीत, आयोगाने जाहीर केलेल्या अत्यावश्यक सेवांतील ज्या मतदारांना मतदानाच्या दिवशी कामावर राहावे लागते, त्यांना नमुना १२-ड भरून टपाली मतपत्रिका मागता येते. दिवसभर इतरांचे प्राण राखणारी बाई स्वतःच्या मतास मुकावी, ही गोष्ट संघटित समाजाला शोभणारी नाही.

भगिनींनो, निवडणुकीच्या आदल्या रात्री कोणी साडी घेऊन दारात येईल. ती साडी दोन वर्षे टिकेल. रुग्णालयातील रिकामी जागा पाच वर्षे रिकामी राहील. आजाऱ्याला घेऊन तेथे आपणच जाणार आहोत. बाबासाहेबांनी हाती दिलेले मत त्या दिवसाची आठवण ठेवून द्या.

जय भीम.