टूलच्या वर्णनाची कसोटी

एआय एजंट म्हणजे बाहेरची कामे करण्याची सोय जोडून दिलेले भाषा-मॉडेल. वेळापत्रक पाहणे, तिकीट काढणे, फाइल शोधणे ही कामे निरनिराळी टूल करतात. कोणते टूल केव्हा आणि कोणती माहिती देऊन चालवायचे, हे मॉडेल ठरवते. टूलच्या आतला कोड सहसा त्याच्यापुढे नसतो. त्याला दिसते ते टूलचे नाव, दोन-चार ओळींचे वर्णन आणि द्यायच्या माहितीची यादी. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल हे खुले मानक जाहीर केले. त्यामुळे एकाने लिहिलेले टूल दुसऱ्याच्या एजंटला जोडणे सोपे झाले. आता वर्णन लिहिणाऱ्याची आणि टूल वापरणाऱ्याची गाठ पडेलच असे नाही. जे सांगायचे ते वर्णनातच सांगावे लागते.

वर्णन वाचायला नीटनेटके असले म्हणून चांगले ठरत नाही. त्यावरून एजंट बरोबर वागतो का, हे पाहावे लागते. मुंबईच्या प्रभादेवी परिसरात याचे चांगले उदाहरण मिळते. प्रभादेवी स्थानक पश्चिम रेल्वेवर आहे. जुलै 2018 पर्यंत त्याचे नाव एल्फिन्स्टन रोड होते आणि ते अजून लोकांच्या तोंडी आहे. पादचारी पुलापलीकडचे परळ मध्य रेल्वेवर आहे. मे 2025 मध्ये भुयारी मेट्रो 3 चे सिद्धिविनायक स्थानकही याच भागात सुरू झाले. दादर तर तिन्ही मार्गांवर आहे.

समजा, एका एजंटला पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे आणि मेट्रो यांच्या वेळा सांगणारी तीन टूल दिली. पहिल्याचे वर्णन ‘लोकलच्या वेळा देते’ एवढेच असेल, तर मध्य रेल्वेचे प्रश्नही तिकडे जाण्याची शक्यता राहते. ते असे लिहिता येईल: ‘पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या वेळा देते. मध्य रेल्वे व मेट्रोसाठी वापरू नये. एल्फिन्स्टन रोड असे विचारल्यास प्रभादेवी हे नाव द्यावे. वेळ 24 तासांच्या पद्धतीने, उदा. 18:45.’ हे सुधारलेले दिसते. पण खरोखर सुधारले की नाही, ते चाचणीने ठरवायचे.

चाचणीसाठी लोक विचारतात तसेच प्रश्न घ्यावे लागतात. ‘एल्फिन्स्टनहून बोरिवलीला आता कोणती गाडी आहे?’ यात जुने नाव आहे. ‘दादरहून ठाण्याला पावणेआठनंतर, ऑफिस सुटल्यावर’ यात मार्ग ओळखायचा आहे आणि वेळ 07:45 नव्हे तर 19:45 द्यायची आहे. ‘परळहून अंधेरीला’ यात पूल ओलांडून प्रभादेवीला जाणे सोयीचे असते. ‘मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग किती असते?’ हा प्रश्न मंदिरातल्या रांगेचा आहे; त्याला तिन्ही टूल निरुपयोगी आहेत. तिथे एजंटने एकही टूल न चालवणे हेच बरोबर. प्रत्येक प्रश्नामागे चार गोष्टी वेगवेगळ्या नोंदवतात: टूलची निवड, दिलेली माहिती, गरज नसताना राखलेला संयम आणि टूलने चूक दाखवल्यावर केलेली दुरुस्ती. शेवटचे उत्तर बरोबर आले एवढेच मोजले, तर चूक नेमकी कुठे होते ते कळत नाही.

तुलना करताना मॉडेल, टूल आणि प्रश्न तेच ठेवून फक्त वर्णन बदलतात. मॉडेलचे उत्तर दर वेळी सारखे येत नाही, म्हणून प्रत्येक प्रश्न अनेकदा विचारतात. एका प्रयत्नात यशाची शक्यता 90 टक्के असेल आणि प्रयत्न एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर सलग आठ प्रयत्न बरोबर येण्याची शक्यता जेमतेम 43 टक्के उरते. 2024 मधील टाऊ-बेंच या चाचणीत अशा सातत्याला स्वतंत्र माप दिले आहे. ज्या प्रश्नांवरून वर्णन सुधारले, त्यांच्यावरच त्याची परीक्षा घेऊन चालत नाही. काही प्रश्न शेवटपर्यंत बाजूला ठेवावे लागतात.

एका टूलचे वर्णन बदलले की शेजारच्या टूलवरही परिणाम होतो. म्हणून संपूर्ण संच पुन्हा तपासतात. ‘सर्वांत अचूक, नेहमी हेच वापरा’ असे लिहिल्याने निवड वाढू शकते, अचूकता वाढत नाही. निव्वळ निवडीचे प्रमाण म्हणूनच फसवे. शिवाय वर्णन मॉडेलच्या संदर्भात, म्हणजे त्याच्यापुढे ठेवलेल्या मजकुरात, जसेच्या तसे जाते. बाहेरून आणलेल्या टूलच्या वर्णनात छुप्या सूचना पेरून एजंटला भलत्या कामाला लावता येते. अशा वर्णनांची तपासणी हाही मूल्यमापनाचाच भाग आहे. वर्णनाची लांबीही मोजावी लागते, कारण संदर्भातली तेवढी जागा प्रत्येक विनंतीत खर्च होते.

प्रत्येक चुकीला वर्णनच जबाबदार नसते. स्पष्ट वर्णनानंतरही दादरचे प्रश्न चुकत राहिले, तर आणखी ओळी घालण्यात अर्थ नाही. तीन टूलऐवजी एकच टूल करून त्यात मार्ग निवडण्याची सोय द्यावी किंवा निघण्याचे आणि पोहोचण्याचे स्थानक पाहून मार्ग शोधण्याचे काम टूलनेच करावे. मग नव्या रचनेची त्याच प्रश्नांवर पुन्हा चाचणी घ्यावी.