ओठावरचा निळा थेंब: कधी सोडून द्यायचा, कधी दाखवायचा

(या भागाचं लिखित रूप. मधले 'म्हणजे' आणि 'बरं का' थोडे कमी केलेत, बाकी बोलणं जसं झालं तसंच ठेवलंय.)

कुणी हिंगोली-नांदेड बसमध्ये खिडकीशी बसून ऐकत असाल, कुणी रानात, कुणी पुण्यातल्या रूमवर. आजचा विषय अगदी छोटा आहे. मुगाच्या दाण्याएवढा, फार तर वाटाण्याएवढा. खालच्या ओठावर येणारा निळा-जांभळा फुगवटा.

तुमच्या घरात वडील, आजी, आत्या, शेजारचे काका, कुणाच्या तरी ओठावर तो तुम्ही बघितला असेल. शाईचा थेंब पडून वाळल्यासारखा दिसतो. दुखत नाही, खाजत नाही, वर्षानुवर्षं तिथंच असतो. आणि मग एके दिवशी व्हिडिओ कॉलवर घरातला कुणीतरी विचारतो, "बाबा, ओठाला काय झालं?" तिथून पुढं घरात झोप उडते, कारण आपल्याकडं तोंडात काही दिसलं की पहिला शब्द डोक्यात येतो तो कॅन्सर.

तर आजचं सगळं बोलणं दोन वाक्यांत सांगतो, मग सविस्तर बोलू. हा निळा थेंब बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. पण तो निरुपद्रवी आहे हे एकदा डॉक्टरांनी बघून सांगायचं, आपण घरी बसून ठरवायचं नाही.

हे तळं साचतं कसं

डॉक्टरी भाषेत याला 'व्हीनस लेक' म्हणतात. शिरेतलं तळं. नाव ऐकायला मजेशीर आहे, पण बरोबर आहे. आपल्या जिल्ह्यात सिद्धेश्वर, इसापूरचे कालवे ज्यांनी बघितलेत त्यांना लगेच कळेल. पाटाचा काठ एका जागी मऊ पडला, ढासळला, की पाणी तिथं पसरतं आणि तुंबतं. पाट फुटलेला नसतो, पाणी पुढं जातच असतं, पण त्या जागी डबकं तयार होतं. ओठाच्या पातळ कातडीखाली बारीक शिरा असतात. त्यातल्या एकीच्या भोवतीचा आधार ढिला पडला की ती फुगते आणि तिच्यात रक्त साचून राहतं. वरची कातडी पातळ, म्हणून ते निळं दिसतं.

आधार ढिला का पडतो? मुख्य कारणं दोन सांगतात: वय आणि ऊन. वर्षानुवर्षांच्या उन्हानं कातडीतले तंतू कमजोर होतात. म्हणून हे बहुतेक पन्नाशीनंतर दिसतं, आणि दिसतं ते ऊन लागणाऱ्या जागीच: खालचा ओठ, कान, चेहरा, मान. खालचा ओठ थोडा पुढं आलेला असतो, ऊन थेट त्याच्यावर पडतं. विल्यम बीन आणि वॉल्श या दोन अमेरिकन डॉक्टरांनी १९५६ साली या प्रकाराचं वर्णन केलं आणि हे नाव दिलं. हे बीन साहेब भारी माणूस. स्वतःची नखं किती वेगानं वाढतात याची नोंद त्यांनी पस्तीस वर्षं ठेवली होती! शरीरावरच्या बारीकसारीक खुणा नीट बघायच्या, हा त्यांचा स्वभावच.

आता आपल्याकडचं बघा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला अभिमान वाटला. पण ती हळद काढायची, शिजवायची, वाळत घालायची कधी? फेब्रुवारीपासून पुढं, ऊन तापायला लागल्यावर. शिजवायचा कुकर पेटलेला, वरून ऊन, समोर पिवळं खळं. बाया-माणसं दिवसभर तिथं. डोक्याला पदर असतो, रुमाल असतो, पण ओठ उघडाच राहतो. त्यामुळं आपल्या भागातल्या ओठांना हे ऊन भरपूर मिळतं, एवढं लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे 'उष्णतेनं' होत नाही, 'पित्तानं' होत नाही, कुणाची नजर लागून होत नाही. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवलं तरी काही होत नाही.

आत्याचा ओठ

माझ्या आत्याला हे होतं, म्हणून विषय मनात राहिला. वय अठ्ठावन्न, आयुष्य शेतात गेलेलं. खालच्या ओठाच्या उजव्या बाजूला जांभळा फुगवटा. चार-पाच वर्षं तिनं कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं नाही, पण वागणं बदललं होतं. लग्नात फोटोच्या वेळी पदर तोंडावर घ्यायची. हसताना हात ओठावर जायचा. शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, "तंबाखू खाता का वो?" आत्यानं आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता. ते तिला लई लागलं.

आम्ही म्हटलं दवाखान्यात चल, तर उत्तर ठरलेलं: "मला काय होतंय? मी काय आता फोटो काढायलेय का?" घरातले म्हणायचे, आत्याला काळजी नाही. काळजी होती, म्हणूनच ती जात नव्हती. डॉक्टर काय सांगतील याची भीती.

शेवटी नातीच्या लग्नाआधी गेली. त्वचेच्या डॉक्टरांनी काय केलं? एक काचेची पट्टी घेतली आणि त्या डागावर हळूच दाबली. निळा रंग जवळजवळ गेला. काच काढली, तसा रंग परत भरत आला. मग भिंगाच्या छोट्या यंत्रातून बघितलं, त्याला डर्मोस्कोप म्हणतात. तोंडाचं आतलं अस्तर बघितलं, मानेला हात लावून गाठी आहेत का ते चाचपलं. दहा मिनिटांत काम झालं. "मावशी, हा कॅन्सर नाही, आणि याचा कॅन्सर होतही नाही. काढायचा असेल तर काढू, नसेल तर राहू द्या."

आत्यानं राहू दिला. पण फोटोत पदर घेणं बंद झालं. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. डाग तसाच राहिला, ओझं तेवढं गेलं. एकदा तपासून 'काही करायचं नाही' असं ठरवणं, हाही पूर्ण उपचारच आहे.

काच दाबली की रंग का जातो

तळ्यातलं पाणी ढकलल्यासारखं आहे. दाब दिला की साचलेलं रक्त बाजूच्या शिरांत सरकतं, फुगवटा सपाट होतो. सोडलं की परत भरतं. तीळ किंवा काळा डाग असेल तर तो रंग कातडीच्या पेशींचा असतो, दाबल्यानं जात नाही.

आता तुम्ही लगेच घरी काचेचा ग्लास घेऊन आजोबांच्या मागं लागाल! थांबा. या दाबण्याला दोन पळवाटा आहेत. एक, कधीकधी तळ्यातलं रक्त गोठतं, मग ते टणक होतं आणि दाबूनही रंग जात नाही. निरुपद्रवी असून भीतीदायक दिसतं. दोन, शिरांचे दुसरे काही प्रकारही दाबल्यावर फिके पडतात. म्हणून घरची तपासणी हा निकाल नाही. डॉक्टरांना शंका वाटली तर ते छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात, त्याला बायोप्सी म्हणतात. बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर झालाच, असं नसतं. शंका फेडायला ती करतात.

वाट बघायची नाही, अशा खुणा

भारतातल्या पुरुषांमध्ये ओठ-तोंडाचा कॅन्सर हा सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे. गुटखाबंदी महाराष्ट्रात २०१२ पासून आहे, आणि टपरीवर काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे. पुडी खालच्या ओठात दाबून ठेवायची सवय असलेल्या माणसाच्या ओठावर काही दिसलं, तर 'त्या पॉडकास्टवाल्यानं निरुपद्रवी म्हटलं होतं' असं कृपा करून म्हणू नका.

पुढच्यापैकी काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम. पांढरा किंवा लाल चट्टा. हाताला कडक लागणारी गाठ. महिन्या-दोन महिन्यांत वाढलेला डाग. एकाच डागात काळा, तपकिरी, निळा असे वेगवेगळे रंग, कडा वेड्यावाकड्या. ओठ बधिर होणं. मानेत गाठ. तोंड पूर्ण न उघडणं. बोट ठेवल्यावर नाडीसारखं ठोके लागणं. आणि ओठांवर-जिभेवर बरेच लाल ठिपके असून घोळणा वारंवार फुटत असेल, घरात आणखी कुणाला तसंच असेल, तर तो रक्तवाहिन्यांचा वेगळा, आनुवंशिक आजार असू शकतो. त्याची तपासणी वेगळी होते.

तुमच्या वयात असेल तर?

विशीत-पंचविशीत व्हीनस लेक क्वचित दिसतो. तुमच्या ओठाच्या आतल्या बाजूला निळसर, पाण्यानं भरल्यासारखा फोड आला असेल, तर तो बऱ्याचदा लाळेचा असतो. ओठ चावायची सवय असते, लाळेची बारीक नळी दुखावते, लाळ आतच साचते. त्याला म्युकोसील म्हणतात. तो फुटतो, परत येतो. लालभडक, जरा धक्का लागला की भळभळा रक्त येणारा दाणा हा आणखी वेगळा प्रकार, गरोदरपणात तो जास्त दिसतो. जन्मापासून किंवा लहानपणापासून निळा फुगवटा असेल तर तोही वेगळा विषय. म्हणून यूट्यूबवर फोटो जुळवत बसू नका, दाखवा.

काढायचाच असेल तर

काढायची कारणं बरोबर असू शकतात. सारखा दाताखाली येतो, दाढी करताना कापतो, रक्त येतं, किंवा नुसतं दिसायला नको वाटतं. शेवटचं कारणही खरंच कारण आहे. त्याची लाज नको.

सध्या लेझर बरंच वापरतात. यातला एनडी-याग लेझर १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश टाकतो. साचलेलं रक्त तो प्रकाश शोषून घेतं, तापतं, आणि शीर आतून चिकटून बंद होते. आपल्या सावळ्या कातडीचा रंग हा प्रकाश कमी शोषतो, हा त्याचा फायदा. काम काही मिनिटांचं, बहुतेकदा एक-दोन वेळा जावं लागतं. नंतर ओठ सुजतो, काळी खपली धरते, दोन-तीन आठवड्यांत बरं होतं.

दुसरा मार्ग, द्रवरूप नायट्रोजननं गोठवणं. त्याचं तापमान उणे १९६ अंश सेल्सियस. तिसरा, विजेच्या सुईनं शीर बंद करणं. चौथा, शीर आतून चिकटवणारं औषध इंजेक्शननं भरणं. पाचवा, छोटी शस्त्रक्रिया, टाके घालून. यात काढलेला तुकडा तपासायला मिळतो, म्हणून शंका असेल तिथं ती उपयोगी. कोणत्याही प्रकारात थोडा व्रण राहू शकतो, आणि तळं परत भरूही शकतं. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्यापासून दोन पावलं लांब.

जाण्याआधी डॉक्टरांना आपणहून सांगा: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, शुगर आहे का, ओठावर तापाचे फोड वारंवार येतात का, पेसमेकर बसवलाय का. आणि विचारा: तुम्ही कोणती पद्धत वापरणार, किती वेळा यावं लागेल, एकूण खर्च किती.

काढल्यावर काही दिवस गरम चहा आणि तिखट ठेचा बंद. खपली ओढायची नाही.

बिब्बा, सुई, दोरा

हे हात जोडून सांगतो. आपल्याकडं कशालाही बिब्बा लावायची रीत आहे. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. ओठाची कातडी किती नाजूक! तळं जाईल न जाईल, ओठावर जखम आणि डाग मात्र नक्की. सुईनं फोडलं तर रक्त येतं, जंतू जातात, आणि काठ तसाच ढिला असल्यामुळं तळं परत भरतं. दोरा बांधणं, चुना लावणं, ऑनलाइन मिळणारं मस जाळायचं मलम, यातलं काही नको.

चुकून चावलं, रक्त आलं, तर घाबरू नका. स्वच्छ कापड घेऊन दहा मिनिटं दाबून धरा. मधेमधे उघडून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

मोबाइलचा खरा उपयोग

घरच्या माणसाला दवाखान्यात न्यायच्या आधी तुम्ही एक काम करू शकता. चांगला फोटो काढा. सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद, फिल्टर बंद. ओठ पुसून कोरडा. शेजारी मोजपट्टी धरा, म्हणजे आकार कळेल. एक फोटो समोरून, एक बाजूनं. तारीख लिहून ठेवा. तीन महिन्यांनी परत तसाच काढा. 'वाढलाय का?' या प्रश्नाचं उत्तर आठवणीपेक्षा हे दोन फोटो चांगलं देतील. फक्त ते फॅमिली ग्रुपवर टाकू नका. ओठ ज्यांचा आहे, त्यांना विचारल्याशिवाय फोटो कुठं जाऊ नये.

दाखवायचं कुठं? आधी जवळचं आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. सरकारच्या ई-संजीवनी ॲपवर घरबसल्या डॉक्टरांशी मोफत बोलता येतं, पण काच दाबायला डॉक्टर समोरच लागतात. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालंय. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वसमतकरांना ते सोयीचं. त्वचारोग विभागाची ओपीडी कधी असते आणि लेझर मिळतं का, हे आधी विचारून जा, म्हणजे मजुरीचा दिवस वाया जाणार नाही. दाताचे डॉक्टरही तोंडाची तपासणी नीट करतात.

आणि रानात जाताना ओठ झाका. रुमाल नाकापर्यंत बांधा, रुंद काठाची टोपी घाला, जमलं तर एसपीएफ ३० चा लिप बाम लावा. झालेलं तळं यानं आटणार नाही, पण ऊन ओठाचं आणखी जे नुकसान करतं ते कमी होईल. तंबाखू सोडायची असेल तर १८०० ११ २३५६ हा राष्ट्रीय मोफत नंबर आहे.

आज रात्री घरी फोन कराल तेव्हा 'जेवलात का' याच्या जोडीला 'तोंडात, ओठावर काही आलंय का' एवढं विचारा. विचारताना आवाजात भीती नको. काही असेल तर पुढच्या सुट्टीत सोबत जा. एकट्याला पाठवलं तर ते अर्ध्या वाटेवरून परत येतात, आपल्याला माहीत आहे!

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू.