स्त्रीबीजाला जाग कशी येते?

स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांच्या संयोगाने मनुष्याच्या जन्मास आरंभ होतो, हे आता शाळेतील मुलांसही ठाऊक असते. परंतु शुक्रजंतू बीजात शिरला म्हणजे सर्व कार्य सिद्धीस गेले, ही समजूत मात्र अपुरी आहे. बीजात शिरणे ही एक गोष्ट व बीजास जागे करणे ही दुसरी. ही दुसरी गोष्ट घडली नाही तर पहिली व्यर्थ जाते.

मानवी बीज मिलिमीटरच्या सुमारे आठव्या हिश्श्याएवढे असते. कन्या मातेच्या उदरात असतानाच तिची बीजे तयार होऊ लागतात, आणि विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर थांबून राहतात. ती वयात आल्यावर महिन्याकाठी बहुधा एकच बीज पुढचे पाऊल टाकते व पुन्हा थबकते. तीस वर्षांच्या स्त्रीचे बीज म्हणजे तीस वर्षांहूनही अधिक काळ वाट पाहत राहिलेली पेशी होय. बीजकोशातून बाहेर पडल्यावर सुमारे एका दिवसात तिला हाक मिळाली नाही, तर ती नाश पावते.

ही हाक पोहोचविणारे द्रव्य अगदी ओळखीचे आहे. चुन्यात, खडूत आणि आपल्या हाडांत असणारे कॅल्शियम, तेच हे. कॅल्शियम केवळ हाडे घडविते असे नव्हे. बेडकाचे हृदय धडधडत राहण्यासही ते लागते, हे सिडनी रिंगर याने लंडनमध्ये १८८३ साली दाखविले. बीजाच्या बाबतीतील पुरावा पुढे डोळ्यांनी पाहावयास मिळाला. जेलीफिशपासून मिळणारे एक प्रथिन कॅल्शियमच्या स्पर्शाने प्रकाशते. ते मेडाका नावाच्या लहानशा माशाच्या अंड्यात घालून १९७७ साली फलन घडविले, तेव्हा सारे अंडे क्षणभर उजळून निघाले. मानवी बीजातही कॅल्शियमची अशीच उसळी येते, आणि ती एकदाच न येता पुनःपुन्हा येते, असे १९९३ साली दिसून आले.

हे कसे घडते? निजलेल्या बीजाच्या अंतर्भागात मोकळे कॅल्शियम अत्यल्प असते, म्हणजे बाहेरील द्रवाच्या मानाने सुमारे दहा हजारांश. बाकीचे बीजातल्याच पडद्यांच्या कोठारात कुलूपबंद असते. शुक्रजंतू आपल्यासोबत एक प्रथिन घेऊन येतो. कार्डिफ येथील संशोधकांनी ते २००२ साली प्रसिद्ध केले. त्याचे नाव पीएलसी झीटा. हे प्रथिन बीजातील एका स्निग्ध पदार्थाचे तुकडे करते, त्यांतील एक तुकडा किल्लीसारखा कोठाराच्या दारास लागतो, दार उघडते आणि कॅल्शियम बाहेर लोटते. थोड्याच वेळात ते पुन्हा कोठारात ओढून घेतले जाते. मग पुन्हा दार उघडते. ही भरती-ओहोटी कित्येक तास चालते. गाढ झोपलेल्यास एका हाकेने जाग येत नाही, तसेच हे.

या लाटांनी दोन कार्ये साधतात. पहिल्या लाटेसरशी बीजाच्या पृष्ठभागाखालील सूक्ष्म पिशव्या फुटतात, बाहेरचे आवरण बदलते, आणि मागून येणाऱ्या शुक्रजंतूस वाट उरत नाही. दोन शुक्रजंतू शिरले तर गुणसूत्रांचा हिशेब बिघडतो व गर्भ सहसा तग धरीत नाही. दुसरे कार्य असे की, विभाजन रोखून धरणारे प्रथिन नष्ट होते आणि थबकलेले बीज पुढे चालू लागते.

मुंबईस या विषयाचे महत्त्व विशेष आहे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नाने शरीराबाहेर फलन झालेले बालक जन्मास आले. आज त्यासाठी परळपर्यंत जाण्याचेही कारण उरलेले नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतही अशी उपचारकेंद्रे आहेत. शुक्रजंतू सुईने थेट बीजात सोडून झालेल्या पहिल्या जन्मांची वार्ता १९९२ साली ब्रुसेल्सहून आली, आणि आता ती रीतही सर्वत्र रूढ झाली आहे. तरीही काही बीजे सुई टोचूनही निजलेलीच राहतात. कारण शुक्रजंतू आत पोहोचला, परंतु हाक देणारे प्रथिन त्याच्यापाशी नव्हते किंवा निकामी होते. ज्या पुरुषांच्या शुक्रजंतूंचे डोके वाटोळे असते, त्यांच्यात हा दोष विशेष आढळतो. अशा वेळी कॅल्शियमला बीजात वाट करून देणारे द्रव्य वापरून बीज जागे करतात, व त्या उपायाने मुले जन्मलीही आहेत. मात्र त्याने नैसर्गिक लाटांची मालिका उत्पन्न होत नाही, म्हणून वैद्य तो निवडक प्रसंगीच योजतात. उलटपक्षी, क्वचित हाक नीट येऊनही बीजच दाद देत नाही. दोष दोहोंकडे संभवतो.

परंतु घरोघरचा न्याय आजही एकतर्फी आहे. लग्नास चार वर्षे लोटली आणि पाळणा हलला नाही, की सून नवस बोलते, उपास धरते, तिच्याच तपासण्या होतात, आणि ओटी भरण्याच्या वेळी तिलाच मागे ठेवतात. भाषेत वांझ हा शब्द स्त्रीस चिकटला. पुरुषासाठी तितका बोचरा शब्द कोणी घडविला नाही. वास्तविक पुरुषाची पहिली तपासणी साधी व वेदनारहित असते, आणि ती आरंभीच झाल्यास कित्येक वर्षांचा मनस्ताप वाचू शकतो. शुक्रजंतूंची संख्या व गती उत्तम असूनही त्यांच्यात ही हाक नसू शकते, हे नव्या शास्त्राने दाखविले आहे. म्हणून तेवढ्या एका अहवालावरही कोणी निर्धास्त राहू नये.

दोन पेशींनी मिळून जे कार्य आरंभावयाचे, त्याच्या अपयशाचा भार एकाच जिवावर टाकणे शास्त्रास धरून नाही. वैद्याच्या दारी पतिपत्नींनी प्रथमपासून जोडीने जावे, एवढे जरी या ज्ञानाने साधले, तरी पुष्कळ घरांतील दुःख हलके होईल.