वार : नऊ महिन्यांचें इंद्रिय

प्रसूतिगृहाचें दार उघडतांच घरच्या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, "मुलगा कीं मुलगी?" आंत अनुभवी परिचारिकेचें लक्ष त्या वेळीं दुसरीकडे असतें. वार पडली कीं नाहीं, आणि पडली ती सगळी पडली कीं नाहीं, हें ती पाहत असते. ही वार म्हणजे आहे तरी काय?

फलित झालेलें बीज सहाव्या-सातव्या दिवशीं गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतें. त्याच्या बाहेरच्या पेशींपासून वार तयार होऊं लागते. म्हणजे ती मुख्यतः मुलाचीच असते. या पेशी अस्तरांत मुळांसारखे अंकुर सोडतात. पहिले सुमारें दहा आठवडे आईच्या रक्ताचा पुरा प्रवाह तेथें येत नाहीं; अस्तरांतील ग्रंथींच्या रसावर गर्भाचें बरेंचसें पोषण होतें. पुढें रक्तवाहिन्यांचीं तोंडें मोकळीं होतात, आणि अंकुर आईच्या रक्तांत बुडून राहतात. तरीहि दोघांचें रक्त एकमेकांत मिसळत नाहीं. मध्यें एक पडदा असतो. प्राणवायु व अन्नरस त्यांतून पलीकडे जातात, टाकाऊ द्रव्यें अलीकडे येतात. दिवस भरत आले, कीं हा पडदा अधिक पातळ होतो, आणि वाढत्या मुलाची वाढती गरज भागते. आईचीं रोगप्रतिकारक द्रव्येंहि याच वाटेनें, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, मुलाला मिळतात.

हा पडदा म्हणजे अभेद्य तटबंदी, असा पुष्कळांचा समज होता. १९४१ सालीं ऑस्ट्रेलियांतील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनीं, गरोदरपणाच्या प्रारंभीं रुबेला झालेल्या मातांच्या मुलांत जन्मतः मोतीबिंदु आढळतो, हें दाखविलें. थॅलिडोमाइड या औषधानें गर्भाच्या हातापायांची वाढ खुंटते, हें १९६१ सालीं उघड झालें, आणि तो समज पुरता ढासळला. म्हणून गरोदर स्त्रीनें कोणतेंहि औषध डॉक्टरांना विचारल्यावांचून घेऊं नये.

दिवस भरतां वार सुमारें अर्धा किलो वजनाची, लहानशा ताटलीएवढी होते. मूल जन्मल्यावर गर्भाशय आकसतो, आणि वार सुटून बहुधा अर्ध्या तासाच्या आंत बाहेर पडते. तिचा तुकडा आंत राहिला, तर गर्भाशय नीट आकसत नाहीं, रक्तवाहिन्यांचीं तोंडें उघडीं राहतात, आणि पाहतां पाहतां बाळंतिणीच्या जिवावर बेततें. घरीं परतल्यावर कांहीं दिवसांनीं जरी रक्तस्राव एकाएकीं वाढला, तरी विलंब न करितां इस्पितळ गाठावें. मूल रडलें, कीं घरांत पेढे वाटले जातात. परंतु वार पुरी पडली आणि रक्त आवरलें, म्हणजेच बाळंतपण पार पडलें.